बोट टोचण्याआधी प्रश्न ठरवा

रक्ताच्या एकाच थेंबावर पाठोपाठ दोन स्ट्रिप लावल्या. मीटरने आधी १४२ दाखवले, मग १२९. यातला खरा आकडा कोणता? ग्लुकोमीटर घरात आला की कधी ना कधी हा प्रयोग होतोच, आणि पुष्कळ जणांचा यंत्रावरचा विश्वास तिथेच उडतो. खरं तर दोन्ही आकडे चालण्यासारखे आहेत. रक्तातली साखर या दोन्हींच्या आसपास कुठेतरी आहे, एवढंच सांगायची या यंत्राची कुवत आहे, आणि तेवढ्यावर बरंच काम भागतं.

किती फरक चालतो तेही ठरलेलं आहे. घरगुती मीटरसाठी आयएसओ १५१९७ नावाचा आंतरराष्ट्रीय निकष आहे. त्याच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार, साखर १०० किंवा त्याहून जास्त असेल तर मीटरचे शंभरातले किमान ९५ निकाल लॅबच्या आकड्याच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे पडले पाहिजेत. साखर १०० च्या खाली असेल तर हा फरक १५ मिलिग्रॅमच्या आत हवा. म्हणजे लॅबमध्ये २०० येणारी साखर मीटरवर १७० दिसली काय किंवा २३० दिसली काय, यंत्र नापास होत नाही. शिवाय शंभरातले पाच निकाल याच्याही बाहेर जाऊ शकतात. (इथले सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. तुमच्या मीटरवर ५.६, ७.२ असे आकडे दिसत असतील तर तो मिलिमोलमध्ये मोजतो आहे. त्यांना १८ ने गुणा.)

तेव्हा काल १३१ होती आणि आज १३८ झाली म्हणून रात्रीचं जेवण आठवत बसण्यात अर्थ नाही. काल १३१ आणि आज २१० असेल, तर मात्र काहीतरी खरोखरच घडलं आहे. एक तर शरीरात, नाहीतर बोटावर. बोटाकडे वळूच, पण आधी थेंबाचं पुढे काय होतं ते पाहू.

स्ट्रिपच्या टोकाशी एक एन्झाइम वाळवून बसवलेलं असतं, बहुधा ग्लुकोज ऑक्सिडेज किंवा ग्लुकोज डिहायड्रोजिनेज. रक्त आत ओढलं गेलं की हे एन्झाइम त्यातल्या ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन काढून घेतं. स्ट्रिपमधलं दुसरं रसायन ते इलेक्ट्रॉन पुढे पोचवतं आणि अगदी क्षीण असा वीजप्रवाह सुरू होतो. ग्लुकोज जितकं जास्त, तितका प्रवाह जास्त. मीटर तो प्रवाह मोजून त्याचा आकडा करतो. खरं मोजमाप स्ट्रिप करते, मीटर नुसता हिशेबनीस. त्यामुळे मीटर कव्हरमध्ये जपून ठेवायचा आणि स्ट्रिपची डबी उघडी टाकायची, हा उलटा कारभार झाला. डबीच्या आत ओल शोषणारा पदार्थ असतो आणि झाकण घट्ट बसतं ते याचसाठी. स्ट्रिप डबीतून काढून पर्समध्ये सुट्ट्या टाकणं, डबी बाथरूममध्ये किंवा तापलेल्या गाडीत ठेवणं, यातलं काहीही केलं की एन्झाइम हळूहळू निकामी होतं आणि आकडे भरकटतात, तेही कुठलीही सूचना न देता. डबी उघडल्यावर ती किती महिने चालेल ते लेबलवर छापलेलं असतं. उघडल्याची तारीख पेनने डबीवरच लिहून टाकावी.

ही सोय फार जुनी नाही. स्टॅनली बेनेडिक्ट यांनी १९०८ मध्ये मांडलेल्या द्रावणात लघवी तापवायची आणि रंग बघायचा, ही पद्धत कित्येक दशकं चालली. निळा राहिला तर साखर नाही, विटकरी झाला तर भरपूर. पण रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढे गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही, आणि जी उतरते ती आधीच्या काही तासांची साठलेली असते. आत्ता साखर ६० आहे की १६०, हे लघवीवरून कळायला मार्ग नव्हता. १९६० च्या दशकात रक्ताच्या थेंबाने रंग बदलणाऱ्या पट्ट्या निघाल्या आणि १९७० च्या सुमारास तो रंग वाचणारा एम्स कंपनीचा मीटर आला. त्याचं वजन किलोभराहून जास्त होतं आणि तो डॉक्टर आणि रुग्णालयांसाठीच होता. रिचर्ड बर्नस्टीन या अमेरिकन इंजिनिअरना लहानपणापासून टाइप १ मधुमेह होता, म्हणजे ज्यात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही तो. त्यांची पत्नी डॉक्टर, म्हणून तिच्या नावावर त्यांनी हे यंत्र मागवलं आणि दिवसातून अनेकदा स्वतःची साखर मोजायला लागले. आपली साखर दिवसभरात किती उड्या मारते हे त्यांना दिसलं, आणि त्यानुसार ते इन्सुलिन आणि जेवण बदलत गेले. रुग्णाने घरीच साखर मोजावी हे त्यांचं म्हणणं वैद्यकीय वर्तुळात कोणी मनावर घेईना, तेव्हा चाळिशी उलटल्यावर ते स्वतःच डॉक्टर झाले!

बोट, थेंब आणि हात धुणं

आता थोडं गणित. साखर १०० आहे म्हणजे रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये एक मायक्रोग्रॅम ग्लुकोज आहे. आजच्या स्ट्रिपला साधारण अर्धा मायक्रोलिटर रक्त पुरतं, म्हणजे त्या थेंबात एकूण ग्लुकोज असतं अर्धा मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचा वीस लाखावा भाग. बोटाला तेवढंच ग्लुकोज आधीपासून चिकटलेलं असेल तर १०० चे २०० होतील, आणि एवढंसं ग्लुकोज डोळ्यांना दिसणारही नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी प्रयोगात लोकांना फळं सोलायला लावली आणि मग बोटातून साखर तपासली. हात न धुता तपासलेली साखर भलतीच जास्त आली. स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसूनही ती जास्तच राहिली. साध्या पाण्याने हात धुतल्यावर मात्र आकडे जागेवर आले.

त्यामुळे स्पिरिटपेक्षा साबण-पाणी चांगलं. हात कोरडेही करा, कारण पाण्याचा अंश राहिला तर थेंब पातळ होतो. पाणी मिळण्यासारखं नसेल तर पहिला थेंब पुसून टाकून दुसरा घ्यावा. अनपेक्षित मोठा आकडा आला की घाबरण्याआधी हात धुवायचे आणि पुन्हा तपासायचं. माझ्या मते मीटरसोबत येणाऱ्या माहितीपत्रकात एवढंच वाक्य सर्वात मोठ्या अक्षरात छापायला हवं.

टोचायचं ते बोटाच्या कडेला. पेराच्या मधोमध मज्जातंतूंची गर्दी असते, तिथे दुखतंही जास्त, आणि नंतर दिवसभर प्रत्येक वस्तू धरताना जाणवतं. बोटं आळीपाळीने बदला. थेंब येत नसेल तर हात कोमट पाण्यात धरा, खाली सोडून हलवा, किंवा टोचायच्या पेनची खोली एका आकड्याने वाढवा. बोट जोरजोरात पिळू नका, कारण त्यातून रक्ताबरोबर पेशींभोवतालचं पाणीही येतं आणि निकाल बिघडतो. सुई दर वेळी नवी. एकदा वापरलेल्या सुईचं टोक बोथट होतं, आणि बोथट सुई जास्त दुखवते. टोचायचं पेन मात्र कुणाशीही वाटून घ्यायचं नाही, नवरा-बायकोनेही नाही. सुई बदलली तरी पेनच्या तोंडाशी रक्ताचा सूक्ष्म अंश राहू शकतो, आणि हिपॅटायटिस बी पसरायला तेवढा पुरतो.

मीटरला फसवणाऱ्या आणखीही काही गोष्टी आहेत. रक्तात लाल पेशी कमी असतील, म्हणजे अॅनिमिया असेल, तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. लाल पेशी जास्त असतील तर कमी. व्हिटॅमिन सीचे मोठे डोस काही मीटरवर साखर वाढवून दाखवतात. पोटातून होणारं डायलिसिस, ज्यात आयकोडेक्स्ट्रिन नावाचं द्रावण वापरतात, ते चालू असेल तर काही विशिष्ट स्ट्रिप धोकादायक ठरतात. त्या साखर प्रत्यक्षापेक्षा बरीच जास्त दाखवतात आणि त्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतू शकतं. यातलं काही तुम्हाला लागू असेल तर डॉक्टरांना मीटरचं नाव सांगून विचारून घ्या.

लॅबचा आकडा आणि घरचा आकडा

जेवणानंतर दोन तासांनी लॅबमध्ये रक्त दिलं, घरी येऊन मीटरवर तपासलं, आकडे जुळले नाहीत म्हणून मीटर बाद! या तुलनेत दोन गफलती आहेत. मधल्या वेळात साखर बदलली, ही एक. दुसरी कमी लोकांना माहीत असते. लॅब शिरेतलं रक्त घेते आणि आपण बोटाच्या केशवाहिन्यांतलं. जेवणानंतर स्नायू वगैरे रक्तातली साखर उचलत असतात, त्यामुळे त्यांच्यातून परत येणाऱ्या शिरेतल्या रक्तात ती कमी भरते. बोटातल्या रक्तात ती वीस-तीसने जास्त असू शकते आणि दोन्ही निकाल बरोबर असतात. तुलना करायचीच तर उपाशीपोटी करा, लॅबमध्ये मीटर घेऊन जा आणि शिरेतून रक्त काढल्यावर पाच-दहा मिनिटांत बोट टोचा. फरक १५ टक्क्यांच्या आत असेल तर मीटर ठीक आहे. नसेल तर कंट्रोल सोल्यूशन वापरून बघा. साखरेचं ठरावीक प्रमाण असलेलं हे द्रव थेंबाऐवजी लावायचं असतं. निकाल डबीवर छापलेल्या मर्यादेत आला पाहिजे.

आणि मधुमेह आहे की नाही, हे ठरवायला ग्लुकोमीटर वापरत नाहीत. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त, हे निकष लॅबच्या तपासणीसाठी आहेत. शेजाऱ्याच्या मीटरवर १३० आले म्हणून मधुमेह झाला असं होत नाही, आणि ११० आले म्हणून निश्चिंतही होता येत नाही.

कधी तपासायचं?

बहुतेक जण सकाळी उठल्यावर, उपाशीपोटी, रोज एकदा तपासतात. वर्षानुवर्षं. ही सवय वाईट नाही, पण तिच्यातून एकाच प्रश्नाचं उत्तर मिळतं: रात्रभरात काय झालं? दिवसाच्या उरलेल्या तासांबद्दल ती गप्प असते. सकाळची साखर ११५ आणि एचबीए१सी ८ टक्के, असे रिपोर्ट घेऊन चक्रावलेले लोक पुष्कळ भेटतात. ८ टक्के म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांत साखरेची सरासरी साधारण १८३ होती. मग ती गेली कुठे? बहुतेक वेळा जेवणांनंतरच्या तासांत. तिथे मीटर लावलाच नव्हता.

म्हणून बोट टोचण्याआधी स्वतःला विचारा, मला काय जाणून घ्यायचं आहे, आणि आकडा आल्यावर मी काय बदलणार आहे? दुसऱ्या भागाचं उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर ती स्ट्रिप वाचवा.

जेवणाचा परिणाम बघायचा असेल तर जोडीने तपासा: जेवायच्या आधी एकदा, आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी एकदा. दोन तास जेवून हात धुतल्यापासून मोजायचे नसतात, इथे बरेच जण चुकतात. आधी ११८ आणि नंतर १६० असेल तर ते जेवण तुम्हाला मानवतं. आधी ११८ आणि नंतर २४० असेल तर दुसऱ्या दिवशी तेच जेवण ठेवा, पण त्यातला पिष्टमय भाग अर्धा करा. तिसऱ्या दिवशी जेवण पूर्ववत ठेवा आणि जेवल्यावर वीस मिनिटं चाला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर श्रेय कुणाला द्यायचं ते कळत नाही. आठवड्याभराच्या अशा जोड्यांमधून तुमच्या शरीराबद्दल जे कळतं ते कुठल्याही छापील आहारतक्त्यात नसतं. एकच पदार्थ दोन माणसांची साखर वेगवेगळी वाढवतो, आणि तक्ता लिहिणाऱ्याने तुम्हाला पाहिलेलं नसतं.

टाइप २ मधुमेह (बहुतेक प्रौढांना होतो तो) असून इन्सुलिन चालू नाही, अशा लोकांनी रोज तपासावं का, यावर वैद्यकीय जगात बराच वाद झाला आहे. २०१७ मध्ये अमेरिकेत ४५० जणांवर झालेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाने घरी साखर तपासलीच नाही, दुसऱ्याने रोज एकदा तपासली, तिसऱ्याने रोज एकदा तपासली आणि त्यांना मीटरवर आपोआप संदेशही मिळत राहिले. वर्षाअखेर तिन्ही गटांच्या एचबीए१सीमध्ये लक्षणीय फरक नव्हता. यावरून ‘मीटर निरुपयोगी’ असा निष्कर्ष काढणारे आहेत. मला तो घाईचा वाटतो. सवयीने रोज एक आकडा पाहिला तर साखर उतरत नाही, इतकंच त्यातून दिसतं. साखर स्थिर आहे, औषध बदललेलं नाही, आणि चालू औषधाने साखर खाली जाण्याची भीती नाही (नुसत्या मेटफॉर्मिनने ती सहसा नसते), अशांनी रोज बोट टोचलंच पाहिजे असं नाही. महिन्यातून काही दिवस, वेगवेगळ्या वेळी, जोडीने तपासलं तरी जास्त कळतं.

इन्सुलिन घेणाऱ्यांची गोष्ट निराळी. तिथे प्रत्येक आकड्यावर डोस अवलंबून असतो. दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेत असाल तर प्रत्येक जेवणाआधी, झोपण्याआधी, व्यायामाआधी आणि गाडी चालवायला बसण्याआधी तपासावं लागतं. अधूनमधून पहाटे तीनलाही.

पहाटे तीन का? ‘रात्री आठनंतर काही खाल्लं नाही, तरी सकाळी १८० कशी?’ या तक्रारीसाठी. पहाटेच्या सुमारास कॉर्टिसॉल, ग्रोथ हॉर्मोन वगैरे वाढतात आणि त्यांच्या इशाऱ्यावर यकृत रक्तात साखर सोडतं. मधुमेह नसलेल्या माणसाचं शरीर तेवढं इन्सुलिन तयार करून ती सांभाळतं. मधुमेहात ते जमत नाही. पण सकाळी १८० असण्याची कारणं वेगळीही असू शकतात. झोपतानाच २०० असेल तर दोष रात्रीच्या जेवणाचा किंवा डोसचा. झोपताना १३०, तीनला १२५ आणि सातला १८० असेल तर पहाटेचे हॉर्मोन. तीनला ५८ असेल, म्हणजे झोपेत साखर फार खाली जात असेल, तर मामला गंभीर आहे, आणि सकाळचा मोठा आकडा पाहून रात्रीचं इन्सुलिन वाढवणं हा नेमका उलटा उपाय ठरेल. दोन-तीन रात्रींच्या या तीन आकड्यांवर डॉक्टर जो निर्णय घेऊ शकतात, तो सकाळच्या तीस आकड्यांवर घेता येत नाही.

आकडा किती हवा, याचं सर्वांना लागू पडणारं उत्तर नाही. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शनानुसार बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवण सुरू केल्यापासून एक-दोन तासांनी १८० च्या आत. गरोदरपणात मर्यादा कडक असतात: उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवणानंतर तासाने १४० किंवा दोन तासांनी १२० च्या खाली. वय जास्त असेल, हृदय-किडनीचे आजार असतील, एकटं राहणं असेल, तर डॉक्टर मुद्दाम सैल मर्यादा ठेवतात. ऐंशी वर्षांच्या आजोबांची साखर ९० वर आणून ठेवण्यात कसलीही बहादुरी नाही.

साखर खाली गेली तर

७० च्या खाली गेली की साखर लो. ५४ च्या खाली धोक्याची. हात थरथरणं, घाम, धडधड, कडकडून भूक, चिडचिड, डोकं न चालणं ही लक्षणं. मीटर हाताशी असेल तर तपासा. नसेल तर शोधत बसू नका, आधी गोड घ्या. १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे ग्लुकोजच्या गोळ्या, पावडर किंवा पाण्यात विरघळवलेली साखर, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा १५ ग्रॅम. स्निग्धांश असलेला गोड पदार्थ इथे कामाचा नाही, तो सावकाश पचतो. आणि पुन्हा तपासण्याआधी हात धुवा, कारण आत्ताच त्या बोटांनी ग्लुकोज हाताळलं आहे. मीटर १४० दाखवेल आणि रक्तात ६० असेल. माणूस बेशुद्ध झाला असेल तर तोंडात काहीही घालू नका, तातडीची वैद्यकीय मदत बोलवा.

इन्सुलिनखेरीज ग्लिमेपिराइड, ग्लायक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गटातल्या गोळ्यांनीही साखर लो होते. ज्यांची साखर वारंवार लो होते त्यांना काही काळाने लक्षणंच जाणवेनाशी होतात, आणि ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या, म्हणजे बीटा ब्लॉकर, धडधड व थरथर झाकून टाकतात. अशांच्या बाबतीत मीटर हाच एक भरवशाचा साक्षीदार. याच्या उलटही घडतं. महिनोन्‌महिने साखर ३०० च्या घरात असलेल्या माणसाला ती १२० वर आल्यावर लो झाल्यासारखंच वाटतं. तपासलं की कळतं, घाबरायचं कारण नाही. काही आठवड्यांत शरीराला सवय होते.

स्क्रीनवर आकड्याऐवजी ‘हाय’ आलं तर साखर मीटरच्या मोजपट्टीच्या वर आहे, बऱ्याच मीटरांवर ६०० च्या वर. हात धुऊन पुन्हा तपासा, आणि तरीही तेच आलं तर ताबडतोब रुग्णालय गाठा. टाइप १ मधुमेहात साखर २५० च्या वर राहिली आणि उलट्या, पोटदुखी किंवा ताप असेल तर कीटोनही (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागलं की रक्तात साठणारी आम्लं) तपासावे लागतात.

नोंदी ठेवताना तारखेखाली तारीख आणि वेळेप्रमाणे रकाने करा: उपाशीपोटी, नाश्त्यानंतर, जेवणाआधी, जेवणानंतर, झोपताना. मग आडवं न वाचता उभं वाचा. एखाद्या रकान्यात तीन-चार दिवस सलग मोठे आकडे दिसले, तर तिथे दुरुस्ती हवी. एखादाच सुटा मोठा आकडा सोडून द्यावा. शेजारी छोटी टीप असली की नोंद बोलायला लागते: लग्नाचं जेवण, झोप झाली नाही, गोळी विसरली. डॉक्टरांसमोर लाज वाटते म्हणून मोठे आकडे गाळून वही लिहिणारे पुष्कळ असतात. पण मीटरच्या मेमरीत सगळं असतं, एचबीए१सीही खरं सांगतं, आणि त्या गाळलेल्या आकड्यांअभावी औषध चुकीचं ठरतं ते वेगळंच.

स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या तर तपासण्याच्या वेळा ताबडतोब बदला. सकाळी घेतलेलं प्रेडनिसोलोन दुपारी आणि संध्याकाळी साखर वर नेतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती बऱ्याचदा उतरलेली असते. उपाशीपोटी ११० पाहून समाधान मानणाऱ्याला दुपारचे ३०० दिसतच नाहीत. त्या दिवसांत स्ट्रिप वापरायची ती दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणाआधी, आणि आकडे चढलेले दिसले तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचे.